कागदाची सवत

नवऱ्याचं बोलणं आपल्याला कळतं आणि ते फक्त आपल्यालाच कळतं, याचा सुंदराबाईला फार अभिमान होता.

अरविंदला अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. तोंडातून निघायचा तो एकच आवाज, 'सुं'. म्हणजे सुंदरा. त्या एका आवाजाचे तिनं वीस अर्थ लावले होते. बारीक 'सुं' म्हणजे पंखा लाव. लांबवलेला म्हणजे कूस बदल. घाईघाईनं दोनदा आला की भांडं आण. आणि नाकातून आला की समोर बसलेला पाहुणा आता उठलेला बरा. डॉक्टरसुद्धा प्रश्न अरविंदला विचारायचे आणि उत्तरासाठी मान सुंदराकडे वळवायचे. मुलगा विपुल एमआयडीसीतल्या कारखान्यातली पाळी संपवून घरी आला की उंबऱ्यातूनच विचारायचा, "आई, बाबा काय म्हणतायत?"

सुंदरा हातातली भाजी न सोडता सांगायची, "उद्याच्याला कारली नको म्हणतायत."

खाटेवरून अरविंदची मान हलायची. हो, तसंच. बस्स, तेवढ्यावर तिचा पुढचा दिवस निघायचा. सत्तावन्न वर्षांची बाई दिवसातून तीस-चाळीस वेळा ओट्यापासून खाटेपर्यंत यायची-जायची, गुडघे कुरकुरायचे, पण तिला कधी जड वाटलं नाही. लग्नाच्या अडतीस वर्षांत तिच्यावाचून त्याचं पान हलत नाही असे दिवस आत्ता कुठं आले होते.

त्याआधीचे दिवस वेगळे होते. पोलादपूरकडच्या एका वाडीतून सुंदरा महाडला सून म्हणून आली, तेव्हा अरविंद मुंबईहून स्क्रीन प्रिंटिंग शिकून आलेला होता आणि त्यानं गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत कारखाना टाकला होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, शाळांचे बिल्ले, वीस मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्या लोकांसाठी झेंडे आणि छातीवर लावायच्या फिती. काम उदंड. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, जाळीवर ओतलेली शाई आणि ती एका दमात ओढायची रबराची पट्टी. अरविंद पट्टी ओढायचा आणि सुंदरा खालून ओला कागद अलगद काढून फळीवर वाळत घालायची. वीस-बावीस वर्षं तिनं ओले कागद वाळत घातले.

एकदा, विपुल पोटात असताना, तिनं विचारलं होतं, "मी ओढू का एक?"

अरविंद हसला होता. "तुझ्या हाताला नाय जमायचं गो. तू वाळवायला बरी."

त्यात वाईट काही नव्हतं. तीही हसली होती. पण ते वाक्य तिच्या आत कुठंतरी जाऊन बसलं आणि तिथून ते उठलंच नाही.

मग पंधरा वर्षांपूर्वी तुडील गावची आम्रपाली आली. बारावी झालेली, बारीक अंगाची, बोलायला चुणचुणीत. "दादा, मला छपाई शिकायचीय," म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी अरविंदनं तिच्या हातात रबरपट्टी दिली. तिच्या शेजारी उभा राहून सांगू लागला, "जोर नको लावू. अंगाचं वजन दे. मधे थांबलीस तर रेघ तुटते." सुंदरा दोन्ही हातांत ओला कागद धरून ते बघत उभी होती. मनात भलतासलता संशय काही नव्हता. अरविंद तसला माणूस नव्हता आणि आम्रपाली त्याला मुलीसारखी. संशय असता तर एक बरं होतं, भांडता तरी आलं असतं. हे जे होतं त्याला भांडणही करता येईना. नवऱ्यानं आपल्याला जे नाही म्हटलं ते त्यानं दुसरीला दिलं, एवढंच.

महापुरात कारखाना छताला टेकेपर्यंत बुडाला. चिखल उपसून अरविंद आणि आम्रपालीनं तो परत उभा केला. पुढच्याच वर्षी अरविंदला झटका आला आणि कारखाना आम्रपालीच्या हातात गेला. तिनं तो नीट चालवला. ती तो बुडवील, असं सुंदराला आतून कुठंतरी वाटत होतं. तसं झालं नाही, हेही तिच्या मनाला लागलं.

यंदा जानेवारीत आम्रपाली पुण्याला कसल्याशा शिबिराला गेली आणि आठ दिवसांनी परत आली ती थेट अरविंदच्या खाटेपाशीच.

"जय भीम दादा. हे बघा काय आणलंय."

पिशवीतून तिनं एक छोटा डबा काढला. आत काळी कुळकुळीत, दाट शाई. आणि एक कागद, ज्याच्यावर त्याच शाईच्या रुंद रेघा छापलेल्या.

"ही शाई वीज नेते, दादा. आत कोळशाची बारीक पूड आहे. तारेतून जाते तशी वीज या रेघेतून जाते. कागदाच्या पुढच्या बाजूला आपण चित्र छापायचं, पंख्याचं समजा. मागं त्याच जागी काळा ठिपका आणि तिथून कडेपर्यंत रेघ. कडेला एक डबी चिमट्यानं लावायची. चित्राला बोट लागलं की डबीला कळतं, आणि डबी पंख्याला सांगते. नुसतं बोट टेकवायचं. जोर नको काही नको."

अरविंदनं डाव्या हातानं कागद ओढून घेतला. अंगठा रेघेवरून फिरवला. नाकाशी नेऊन वास घेतला. तीन वर्षांत त्याच्या डोळ्यांत असं काही सुंदरानं पाहिलं नव्हतं. त्यानं खाटेवर थाप मारली, एकदा, दोनदा, मग अंगठ्यानं रेघेची कड परत परत घासली. "सुं! सुं!"

"पंखा लावायला सांगतायत," सुंदरा म्हणाली.

अरविंदनं मान हलवली. नाही.

"पाणी हवंय?"

नाही. तो वैतागला. परत अंगठा घासला.

आम्रपाली त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती अंगठा बघत होती. "जाळी बारीक घेतली म्हणताय का? शाई पुरेशी उतरली नाही, कड तुटतेय. जाड जाळी घेऊ?"

अरविंद हसला. अर्ध्याच तोंडानं, पण खळखळून.

सुंदरा चहा ठेवायला आत गेली. आम्रपालीच्या चहात ती नेहमी आलं ठेचून घालायची. त्या दिवशी तिनं आलं घातलं नाही.

पुढं महिनाभर असंच चाललं. दर दोन दिवसांनी आम्रपाली नवा कागद घेऊन यायची, अरविंद अंगठा फिरवायचा, थाप मारायचा, आम्रपाली ओळखायची. विपुल एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रांच्या मोजमापाचं काम बघायचा, त्याला असली डबी जुळवणं जमण्यासारखं होतं. सुट्टीच्या दिवशी तो तारा, डाग द्यायचं कथील आणि स्क्रू घेऊन बसू लागला. तिघंही एका कागदावर वाकलेली आणि चौथी चहाचे कप धुतेय. एकदा तिनं विचारलं, "माझी काय मदत हाय का?" विपुल मान वर न करता म्हणाला, "नको आई, तू बस जरा." त्याला वाटलं, आईला विश्रांती देतोय.

फेब्रुवारी संपता संपता कागद भिंतीवर लागला, खाटेच्या डाव्या अंगाला, अरविंदचा हात पोचेल असा. आठ चौकोन. पंखा, दिवा, टीव्ही, आवाज वाढवणं, आवाज कमी करणं. आणि बोलणारे तीन. पाण्याचा पेला, भाताची ताटली आणि हाक मारणारा हात. त्यांना बोट लावलं की खिडकीतला छोटा भोंगा बोलायचा. मुद्दाम खिडकीत ठेवला होता, म्हणजे सुंदरा बाहेर गेली असली तरी शेजारच्या रंगूबाईला ऐकू जाईल.

आवाज होता आम्रपालीचा. आधी जमतंय का बघायला तिनं आपल्याच मोबाइलवर बोलून घेतलं होतं आणि मग तेच राहून गेलं. ती सुंदराला वहिनी म्हणायची. म्हणून अरविंदनं पेल्याला बोट लावलं की भोंगा गोड आवाजात म्हणायचा, "वहिनी, पाणी द्या."

पहिल्यांदा ते ऐकून सगळे हसले. गल्लीतली माणसं बघायला आली. प्रत्येकाला अरविंदनं पंखा लावून दाखवला, बंद करून दाखवला. "आम्रपालीचा कागद" असं त्याचं नाव पडलं. रंगूबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सुंदरे, ही तुझ्या घरात कागदाची सवत आली गो!"

सुंदरा सगळ्यांबरोबर हसली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात बसली होती आणि खोलीतून पंखा फिरल्याचा आवाज आला. कुणी हाक मारली नव्हती. थोड्या वेळानं टीव्ही सुरू झाला. मग बंद झाला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून 'सुं' ऐकू आलेलं नाही.

मग ती स्वतःहून जाऊ लागली. अरविंदला उकडतंय असं दिसलं की तिनं आधीच भिंतीवरचं बटण दाबून पंखा लावला. अरविंदनं तिच्याकडे बघितलं, डावा हात उचलला आणि कागदाला बोट लावून पंखा बंद केला. क्षणभर थांबला. परत बोट लावून स्वतःच सुरू केला. आणि समाधानानं डोळे मिटले.

तीन वर्षं दुसऱ्याच्या हातानं जगलेल्या माणसाला ते सुख कसं वाटत असेल, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणून जळायचं थांबत नव्हतं. कागदाशेजारून जाताना ती त्याच्याकडे बघायची नाही. धूळ पुसताना सगळी भिंत पुसायची, तेवढा कागद सोडून.

वीस मार्चसाठी सुंदराची थोरली बहीण मुंबईहून आली होती. गर्दी सरली, बावीस तारखेला दुपारच्या गाडीनं ती परत जायची होती. त्या दिवशी सकाळीच भांडणाला तोंड लागलं. अरविंदनं पेल्याला बोट लावलं. "वहिनी, पाणी द्या." सुंदरानं पाणी नेलं. तो प्यायला नाही. परत बोट. "वहिनी, पाणी द्या." तिनं माठातलं नको म्हणून कोमट नेलं. परत बोट. ती समोर उभी होती, तिच्या हातात पेला होता, आणि तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दुसऱ्या बाईच्या आवाजात तिला वहिनी म्हणत होता.

"माझ्याकडं बघा की! मी हितं उभी हाय ना!" ती ओरडली. बहीण आतून बघायला आली. अरविंदनं हात खाली टाकला. त्याला गोळी घ्यायची होती, हे तिला नंतर कळलं. गोळीचा चौकोन कागदावर नव्हता, म्हणून तो पाण्यावरून सांगत होता. महिन्यापूर्वी हेच तिला एका 'सुं'मध्ये समजलं असतं.

तो झोपला, बहीण आंघोळीला गेली, तेव्हा सुंदरानं विपुलच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड घेतलं. कागदाची खालची कड उचलली. मागं काळ्या रेघा होत्या, एकीला एक न चिकटता कडेकडे निघालेल्या. पेल्याची, ताटलीची, हाताची. तिनं तिन्हींवर आडवं ब्लेड फिरवलं. केसाएवढी चीर, बाहेरून दिसणार नाही अशी. कड परत चिकटवली. पंख्याला, दिव्याला हात लावला नाही. तिला फक्त तो आवाज नको होता.

आणि मग, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं. दुपारी बहिणीला वीर स्टेशनला सोडायला निघाली तेव्हा पायांत हलकेपणा होता. जाता जाता नेहमीच्या सवयीनं ती रंगूबाईला म्हणाली, "कागद बोलला तर बघशील गो जरा."

गाडी दीड तास उशिरा येणार होती. फलाटावर ऊन रणरणत होतं. बहिणीनं बाटली पुढं केली, "पी गो, घसा सुकला असंल." सुंदरानं बाटली तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली.

कागद बोलणारच नव्हता.

गाडी यायची वाट न बघता ती धावत बाहेर आली, रिक्षात बसली. "लवकर चल रे बाबा, माणूस एकटा हाय घरात." हायवेवर एक कंटेनर आडवा झाला होता. रिक्षा थांबली की ती खाली उतरून पुढं बघायची आणि परत बसायची.

घरात शिरली तेव्हा पंखा फिरत होता. अरविंद खाटेखाली होता, उजव्या कुशीवर, वळलेला पाय अंगाखाली. डावा हात माठाकडे पसरलेला. माठ अजून दोन हात लांब होता. कागदाचा एक कोपरा फाटून लोंबत होता, पडताना त्यानं धरला असावा. ओठ पांढरे पडले होते.

रंगूबाई मागून धावत आली. "अगो बाय! मी कान लावून बसली हुती. कागद बोललाच नाय गो!"

दोघींनी मिळून त्याला उचललं. सुंदरानं चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलं नव्हतं, खांद्याला मुका मार होता. त्या सगळ्यात अरविंदनं एकदाही 'सुं' म्हटलं नाही.

संध्याकाळी विपुल आणि आम्रपाली दोघं कागद बघायला बसली. विपुलनं डबी उघडली, डबी ठीक होती. "उंदरानं कुरतडलं की काय," म्हणाला. आम्रपालीनं कागद भिंतीवरून काढून उलटा केला, दिव्याखाली धरला. तीन रेघांवर तीन सरळ चिरा. उंदीर असं सरळ कापत नाही.

"मी कापल्या," सुंदरा म्हणाली.

विपुलच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

आम्रपाली उठून उभी राहिली. पंधरा वर्षांत ती सुंदराशी आवाज चढवून बोलली नव्हती. "वहिनी, माझा राग होता ना तुम्हाला? मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग माझ्या तोंडावर सांगायचंत. मला हाकलून द्यायचंत. त्यांची जीभ कशाला कापलीत?"

अरविंद ऐकत होता. त्यानं डावा हात पुढं केला, आम्रपालीकडून कागद घेतला, अंगठा पहिल्या चिरेवर ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कागद पोटावर पालथा घातला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आठ दिवस गेले. आम्रपाली आली नाही. विपुल कामापुरतं बोलायचा. अरविंद खायचा, प्यायचा, कूस बदलून घ्यायचा, पण हाक मारायचा नाही. तिची हक्काची ती एक हाक, तिच्यासाठी तर तिनं हे केलं होतं, तीच गेली. आता तिला त्याचा चेहरा बघून अंदाज बांधावा लागायचा आणि पाच अंदाजांतले तीन चुकायचे. चुकले तरी तो वैतागायचाही नाही. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

नवव्या दिवशी रंगूबाईला खाटेपाशी बसवून ती कारखान्यात गेली. बऱ्याच वर्षांनी गेली. चौदा एप्रिल तोंडावर आलेला, फळ्याफळ्यांवर निळे झेंडे वाळत होते. आम्रपाली कोपरापर्यंत शाईत होती. तिनं सुंदराकडे बघितलं आणि पट्टी ओढत राहिली.

"त्यांना दुसरा कागद छापून दे," सुंदरा म्हणाली.

"वेळ नाही मला. सातशे झेंडे राहिलेत."

"मी झेंडे वाळत घालते. तू कागद छाप."

"एवढी घाई आहे तर तुम्हीच छापा," आम्रपाली म्हणाली. रागानंच म्हणाली. कोपऱ्यातल्या चौकटीकडे बोट केलं. "जाळी तयार आहे. डबा वर आहे."

सुंदरानं पदर खोचला. डबा काढला, झाकण उघडलं. ती खरंच छापायला बसेल असं आम्रपालीला वाटलं नव्हतं. पण थांब म्हणायलाही ती पुढं आली नाही.

पहिल्या कागदावर शाईचा नुसता राडा झाला. दुसऱ्यावर रेघा एकमेकींना चिकटल्या. तिसऱ्यावर ती मधेच थांबली आणि सगळ्या रेघा तिथंच तुटल्या. मनगट दुखायला लागलं. तुझ्या हाताला नाय जमायचं. सहावा कागद चुरगाळून टाकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. कुणावरचा संताप, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पट्टी फार उभी धरताय," मागून आम्रपाली म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "तिरपी धरा. आणि जोर नको."

"वजन द्यायचं. माहीत हाय मला. पंधरा वर्षांपूर्वी ऐकलंय."

आम्रपाली झेंड्यांकडे परत गेली.

अकराव्या कागदावर रेघा सुट्या उतरल्या. आम्रपाली वीज वाहते का बघायचा मीटर घेऊन आली, दोन काड्या रेघेच्या दोन टोकांना लावल्या. मीटर वाजला नाही. "ओला आहे अजून. उद्या बघू."

"तेवढा ओला नाय," सुंदरानं कागद गालाशी नेला. वीस वर्षं वाळवलेल्या कागदांचं काही तिच्या कातडीत राहिलं होतं. "वर सुकलाय, आत नाय. दहा मिनिटं पत्र्यावर उन्हात ठेव, पालथा."

दहा मिनिटांनी मीटर वाजला, आठही रेघांवर. आम्रपालीनं भुवई उंचावली. "मी रात्रभर ठेवते हे," एवढंच म्हणाली.

सुंदरानं तो कागद घरी नेला, अरविंदच्या हातात दिला. कुणी छापला ते सांगितलं नाही. त्यानं अंगठा फिरवला आणि खाटेवर जोरात थाप मारली. चालणार नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा नेला. थाप. तिसऱ्या दिवशी तिसरा. परत थाप आणि वरून नखानं दाखवलं, इथं शाई जास्त, इथं कमी. सुंदराचं तोंड लाल झालं. आम्रपालीच्या कागदावर हा हसायचा. पण कारखान्यात परत जाताना तिच्या लक्षात आलं की त्यानं आपल्याला चूक दाखवली. ज्याला शिकवायचं नसतं त्याला कुणी चूक दाखवत नाही.

चौथा कागद त्यानं बराच वेळ चाचपला. थाप मारली नाही. हसलाही नाही. मग तिचा हात ओढून घेतला, तिच्या नखांत अडकलेली काळी शाई बघितली आणि तोच हात कागदावर दाबून धरला.

"व्हय, मीच," ती म्हणाली.

"सुं," अरविंद म्हणाला. त्याचा अर्थ काय, ते तिला त्या दिवशी नीट कळलं नाही. आणि तिनं तो लावायचा प्रयत्नही केला नाही.

नव्या कागदात गोळीचा चौकोन आला. प्रश्न राहिला आवाजाचा. "माझा नको," आम्रपाली स्वतःच म्हणाली. सुंदराचा आवाज घालावा तर सुंदरानंच सुंदराला हाक मारायची, तेही चमत्कारिक. शेवटी सगळ्यांनी विपुलकडे बघितलं. त्याचा आवाज बापासारखाच घोगरा होता.

"मी आईला नावानं हाक मारू?"

"मार रे. तुझ्या बापाची हाक हाय ती."

विपुल चार वेळा हसला. पाचव्यांदा मोबाइल तोंडाशी धरून, डोळे मिटून म्हणाला, "सुंदरा, पाणी दे." खोलीत कुणीच हसलं नाही. खाटेवरून अरविंदनं मान हलवली. हो, तसंच.

त्यानंतर सुंदरा आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात जाऊ लागली. आम्रपालीशी तिचं गुळपीठ झालं असं नाही. आम्रपालीच्या रेघा अजून तिच्यापेक्षा सरळ येतात आणि घरी नेलेल्या कागदांत आम्रपालीचा कागद आला की अरविंदचं अर्धं तोंड अजून आधी हसतं. ते बघून सुंदराला अजून खुपतं. तेवढ्यापुरतं ती चहात आलं घालायला विसरते. आम्रपालीला ते कळतं. ती चहा तसाच पिते.

कागदाची बातमी पसरली तशी कामं येऊ लागली. पावसाळ्याच्या आधी पोलादपूरहून एका घरचं बोलावणं आलं. म्हातारे सयाजीराव पडून होते, मुलगा शाळेत क्लार्क, त्याला वडिलांसाठी कागद हवा होता. दोघी एसटीनं गेल्या. आम्रपाली खाटेपाशी बसून मुलाला सगळं समजावू लागली, इथं पंखा, इथं दिवा, इथं आवाज. मुलगा खूश होता. म्हातारा नमुन्याच्या कागदावर बोट टेकवून दिवा लावत होता, विझवत होता.

सुंदराचं लक्ष दाराकडे गेलं. सून, तेजश्री तिचं नाव, चौकटीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. ती सासऱ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत नव्हती. ती कागदाकडे बघत होती.

"आम्रपाली, तू जरा थांब," सुंदरा म्हणाली आणि उठून दाराशी गेली. "बाय, यांचं सगळं तू बघतेस?"

"हो. साडेचार वर्षं."

"मग चौकोन कुठले घालायचे ते तू सांग. मी लिहून घेते."

तेजश्री सांगायला लागली ती थांबेना. पायाखालची उशी, खिडकीचं दार, संध्याकाळचा रेडिओ, डाव्या कानाचं यंत्र, पाठीला खाज. एकेक करून अकरा. मुलगा बघत राहिला. त्यातलं अर्धं त्याला माहीतच नव्हतं. सुंदरा वहीत एकेक चौकोन काढत गेली आणि आत खूण करत गेली.

"आणि भाकरी?" आम्रपालीनं खाटेपाशी बसूनच विचारलं. "जेवणाचा एक लागेलच." सुंदरानं बारावा चौकोन काढला.

"तो नको," तेजश्री पटकन म्हणाली. तिची घडी अजून सुटली नव्हती. "जेवायचं त्यांना मी विचारणार."

मुलगा काही बोलायला गेला. सुंदरानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं वहीतला बारावा चौकोन पेन्सिलीनं खोडला आणि पान उलटलं.